सुडीचा फोटो

मी निसर्गाचे फोटो काढतो आणि त्यापायी आमच्या घरचं सोयाबीन सडलं आहे.

मी कारंज्याला मास्तर. धनजचं शेत थोरला भाऊ आणि वहिनी पाहतात. मोबाइलवर हवामानाची तीन ॲप ठेवणारा खानदानात मी एकटाच. ढग किती टक्के, वारा कुठला, सूर्य किती वाजून किती मिनिटांनी बुडणार, सगळं तोंडपाठ! (शेतात यंदा कोणतं वाण पेरलं होतं, ते मात्र विचारू नका.)

त्या दिवशी तिन्ही ॲपांचं चक्क एकमत झालं. सहाला पश्चिमेला काळे ढग, खालून तांबडं ऊन आणि पाऊस आठनंतर. मी ट्रायपॉड घेऊन थेट शेतात! सोयाबीन कापून सुडी रचलेली होती, सकाळी मळणीयंत्र येणार होतं. वर्षाचं सगळं पीक, पुढच्या पेरणीचं बियाणंसुद्धा, त्या एका ढिगात. आणि त्यावर ताडपत्री. निळी!

"दादा, तासभर ताडपत्री काढू."

"कायले?"

"फोटोत वाईट दिसते."

वहिनींनी आभाळाकडे पाहिलं. "भाऊजी, पानी आलं तं?"

"आठ वाजता येते, वहिनी."

"त्याले सांगतलं का तुमी, आठ वाजता ये मनून?"

दादा हसला. "काढू दे वं. शिकेल मानूस हाय, त्याले समजते."

या वाक्याची मला आजही लाज वाटते.

सहाला दहा कमी असताना ढगांत तांबडी फट पडली. मी घाईघाईत बटण दाबलं आणि दुसऱ्याच क्षणी भिंगावर थेंब! मग पाऊस कसला, बादल्याच ओतल्या कुणी! वाऱ्याने बाजूला काढून ठेवलेली ताडपत्री उचलली ती थेट शेजारच्या तुरीत. दादा तिच्यामागे, पदर खोचून वहिनी दादामागे. मीही धावलो, पण उलट्या दिशेला. कॅमेरा शर्टात कोंबून बाभळीखाली उभा राहिलो आणि तिथून ओरडलो, "ॲपवर अजून ढगाळच दाखवून राह्यलं!"

ताडपत्री सापडेपर्यंत सुडी आरपार भिजली होती. वर चार दिवसांची झड. उघडीप झाल्यावर सुडी उकलली, तर आतून गरम वाफ आणि शेंगाशेंगांतून कोंब. दादाने एक कोंब चिमटीत धरला.

"बियानं खरं व्हतं रे. पाय, सुडीतच उगवलं."

वहिनी शेतातल्या खोपीत गेल्या आणि माझ्यासाठी चहा घेऊन आल्या. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर तो घशाखाली तरी उतरला असता.

"फोटो तं दाखव," शेवटी दादाच म्हणाला.

मी कॅमेरा पुढे केला. यंदा आमच्या घरचं कोरडं राहिलेलं सोयाबीन तेवढंच होतं, त्या एका फोटोतलं.

आणि तोही हलला होता!