कंबर आधी, मनगट मागून

माणसाला कंबर दिली आहे ती हॉकीचा शॉट मारण्यासाठी, पँट टिकवणं ही तिची जोडनोकरी, असं मानणारा माणूस जगात एकच झाला आणि तो नेमका माझा मामेसासरा निघाला. बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. आख्खं औरंगाबाद त्यांनी ओळंबा लावून तपासलं असेल, पण माणसं तपासायलाही ते तोच ओळंबा वापरत. मी मुलगी पाहायला गेलो तेव्हा नाव, गाव, नोकरी कुणी विचारण्याआधी मामांनी मला उभं केलं आणि हातात एक जुनी हॉकी स्टिक दिली. "डावा पाय पुढं घ्या. हां. आता अंगाचा भार मागच्या टाचेवरनं पुढं येऊ द्या." पोह्यांची बशी हातात धरून माझे वडील घाबरले, पोरगा लंगडा आहे का ते बघतायत, असं त्यांना वाटलं. मी स्टिक फिरवली. कोनाड्यातला तांब्या खाली आला. मामा बहिणीला म्हणाले, "पोराची मांडी मागं राहती, पण मानूस सुधरंल." एवढ्यावर माझं लग्न ठरलं. मांडी अजून मागेच आहे.

मामांचा सिद्धांत साधा होता. शॉटचा जोर हातात नसतो. तो जमिनीतून निघतो, टाचेतून गुडघ्यात, गुडघ्यातून कमरेत, कमरेतून खांद्यात चढतो आणि शेवटी मनगटातून चेंडूवर उतरतो. "मनगट म्हंजे पोस्टमन," ते म्हणत. "चिठ्ठी दुसऱ्यानंच लिव्हलेली असती." इथवर ऐकायला बरं वाटतं. पण मामा हे स्वयंपाकघरात जाऊन सांगत. मामी मिरच्या कुटायला बसल्या की हे दारात उभे: "मनगटानं नाय, कमरेनं कूट." मामी मुसळ खाली ठेवून म्हणत, "कंबर माझी हाय. तुमचं मैदान नाय ते." धोबी, लोहार, पाट्या-वरवंट्याला टाकी लावणारी बाई, मामांच्या हातून कुणी सुटलं नाही. वेरूळला एकदा नाचणाऱ्या शंकराच्या मूर्तीसमोर गाईड लोकांना पुराण सांगत होता. मामा मागून म्हणाले, "पुराण ऱ्हाऊ द्या, भार बघा कुठं हाय. कंबर आधी फिरली, हात मागून यायलेत. आठ हात दिले तरी काम कमरेनंच केलं का नाय?" थोड्या वेळात सगळी गर्दी मामांच्या भोवती आणि गाईड एकटा खांबाला टेकून विडी ओढत होता. परतताना एसटीत कन्नड गावच्या दोन भाविक बाया मामांच्या पाया पडल्या.

एकदा खात्याच्या संघाला शिकवण्याचं काम मामांनी अंगावर घेतलं. एकेका कारकुनाला त्यांनी शॉटचा एकेक सांधा सुटा करून शिकवला. सामन्याच्या दिवशी चेंडू समोर आला की आमचा गडी आधी टाच आठवायचा, मग गुडघा, आणि कमरेपर्यंत पोचेतो चेंडू समोरचे लोक घेऊन गेलेले असत. हेडक्लार्क तर कमरेपर्यंत पोचले आणि तिथेच अडकले. त्यांना तशाच वाकड्या अवस्थेत टांग्यात घालून घरी न्यावं लागलं. दुसऱ्या दिवशी अर्धं ऑफिस रजेवर. मामांना हरल्याचं काहीच वाटलं नाही. "हेडक्लार्कची कंबर बराबर जागी थांबली व्हती," ते समाधानाने म्हणाले.

आता कुणालाही वाटेल की हा माणूस मोठा खेळाडू असणार. छे! मामा आयुष्यात एकच सामना खेळले आणि त्यात त्यांनी एकच शॉट मारला. पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं, त्यानंतरची गोष्ट. छावणीच्या मैदानावर खेळणारा संघ पांगला होता. कुणी हैदराबादेला गेलं, कुणी त्याच्याही पलीकडे. सामना ठरला आणि एक गडी कमी. मैदानावर चुन्याच्या रेघा मारायला आलेल्या मामांना लोकांनी चुन्याच्या हातांनीच आत ओढलं. चेंडू पायाशी आला, मामांनी स्टिक फिरवली, आणि गोलमागच्या फळीचा असा काही आवाज झाला की गोलकीपर मागे वळून बघायलाही विसरला. तो गोलकीपर म्हणजे शहागंजातले शिंपी खाँसाहेब. त्या दिवसापासून मामांना एकच ध्यास लागला: आपल्या अंगाने ते कसं केलं? आणि पुन्हा एकदा करेल का? बाकी सगळं, मिरच्या, शंकर, हेडक्लार्क, त्याच शोधात आलं.

आणि खरं-खोटं ठरवणारा माणूस जगात एकच, खाँसाहेब. शुक्रवारी त्यांचं दुकान बंद असे. संध्याकाळी दोघे मैदानावर जात. खाँसाहेब गोलाकडे पाठ करून विटेवर बसत, डोळे मिटत. मामा ओळंबा लावून पाय ठेवत, सांधे मोजत, शॉट मारत. फळी वाजे. खाँसाहेब मान हलवत. "नै साब. वो आवाज नै." वर्षानुवर्षं हेच. मला म्हाताऱ्याची दया यायची. एकदा मी खाँसाहेबांना म्हटलं, एकदा 'हो' म्हणून टाका की, काय बिघडतं? ते माझ्याकडे अशा नजरेने बघत राहिले की जणू मी कापड चोरायला सांगितलं होतं. "इत्ते बरस की मेहनत है उनकी, दामाद साब. झूटी हौ बोल के मिट्टी करूँ क्या?"

शेवटी शेवटी मामांचं विस्मरण वाढलं. आधी गावांची नावं गेली, मग आमची, मग एके दिवशी टाच आणि गुडघाही गेले. मामी मुद्दाम दारासमोर मिरच्या कुटायला बसल्या, तीही मनगटाने. मामा काही बोलले नाहीत. मामी मुसळ टाकून आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. शुक्रवार मात्र खाँसाहेबांनी सोडला नाही. रिक्षाने ते मामांना मैदानावर नेत, स्टिक आता काठीसारखी हातात असे. त्या दिवशी मीही होतो. खाँसाहेब सवयीने विटेवर बसले आणि बसताना त्यांच्या पिशवीतून चेंडू घरंगळून मामांच्या पायाशी आला. वाटेतला खडा बाजूला सारावा तशी मामांनी स्टिक फिरवली.

फळीचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

खाँसाहेबांनी डोळे उघडले. "वोइच," ते म्हणाले, "वोइच है साब," आणि दाढीवरून पाणी वाहायला लागलं.

मामा फळीकडे बघत उभे होते. मग हळूच माझ्या जवळ आले आणि अनोळखी माणसाशी बोलावं तसं अदबीनं विचारलं, "कोण मारला हो ह्यो? लई भारी मानूस दिसतो. कंबर आधी फिरल्याबिगर असा आवाज येत नाय." ते खाँसाहेबांकडे वळले. "त्याला जरा इचारा ना, कसा मारला म्हनून."

खाँसाहेबांनी डोळे पुसले आणि त्यांचा हात धरला.

"पूछता हूँ साब," ते म्हणाले. "अगले जुम्मे कू आताइच है वो. तब पूछेंगे."