कालवडीच्या तोंडातलं मीठ

आमच्या घरात दवाखाना म्हणजे काकाचं खडेमीठ. जुवानं बैलाचा खांदा सुजला की गरम मीठपाण्याचा शेक, माणसाचा घसा धरला की गुळण्या, पाय मुरगळला की तव्यावर तापवलेली मिठाची पुरचुंडी. हे त्याच्या आजापासून चालत आलेलं. गुणही यायचा, ते मी कधी नाकारलं नाही. पण मीठ सगळ्यावरच चालतं असं तो म्हणायचा, आणि तिथं आमचं वाजायचं.

चाकूरकडच्या शेतात पिसाळलेल्या कुत्र्यानं आमच्या कालवडीचं नाक फाडलं. गड्यांनी कुत्रं दगडांनी ठेचलं. काकानं जखमेत मीठ-तिखट कोंबलं. कालवड हंबरत गुडघ्यांवर आली.

"साबणानं धुवा, डॉक्टरला बोलवा, इंजेक्शन असतं," मी ओरडले. माझे वडील आरोग्याची पत्रकं गावोगाव वाटायचे, त्यांत हे मी लहानपणीच वाचलं होतं.

"कागदं वाचून जनावर बरं होतंय व्हय गं? सर बाजूला!"

महिन्याभरानं कालवडीच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबू लागल्या. "लाळ्या-खुरकूत हाय," काका म्हणाला. त्या रोगात जनावराचं तोंड मीठपाण्यानं धुतात. काकूनं जबडा धरला. काकानं आत हात घालून जीभ मिठानं घासली. त्याच्या हातावर तूर कापल्याचे ताजे ओरखडे होते.

दुसऱ्या दिवशी कालवड भिंतीला धडका देऊ लागली. शिंग मुळातून तुटलं, रक्त दावणीवर उडालं, तरी थांबेना. तिसऱ्या दिवशी मेली.

मी बोलावलेले डॉक्टर आले तेव्हा काका खड्ड्यात मढ्यावर मीठ ओतत होता.

"हे पिसाळलं होतं. तोंडात हात कुणी घातला?"

काका मीठ ओतत राहिला.

"काकानं," मी म्हणाले.

काकानं फावड्याचा दांडा माझ्या पाठीत घातला. मी काठावर आडवी झाले. "काकानंच! आज सुई घेतली नाही तर असेच मराल. एकदा रोग उठला की औषध नाही."

त्यानं दांडा पुन्हा उचलला.

"जबडा मीबी धरला होता," काकू म्हणाली. त्याच्यापुढं तिचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. "मी चालले अहमदपूरला, सुई घ्यायला. तुमी हाणीत बसा पोरीला."

ती निघाली. दोन्ही हात अंगापासून लांब धरून, मागं न बघता. काका तसाच उभा. सडकेवर एसटीचा हॉर्न वाजला, तेव्हा दांडा टाकून तो अनवाणी पळत सुटला.

सगळ्या सुया दोघांनी घेतल्या. काका अजून माझ्याशी बोलत नाही. तो जिवंत राहून बोलत नाही, हे मला चालतं.