तिसऱ्या काठीची सावली

"आधी सावली वजा करा, मिस्त्री!" दुकानात पाऊल टाकायच्या आत मास्तरांचं हे सुरू. नमस्कार नाही की चमत्कार नाही. तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल.

कॉलेजात गणित शिकवून रिटायर झालेले. मुलुंडला माझ्या सुतारकामाच्या दुकानाच्या वरच्या खोलीत एकटेच राहायचे. पहिल्यांदा आले ते काठ्या करून घ्यायला. एका फळीवर, एकाच भोकातून निघालेल्या तीन काठ्या, तिन्ही तिरक्या.

"वाकडं काम मी करत नाही."

"मला वाकडंच हवंय. सरळ मी करतो."

"काटकोनाचा गुण्या लावा, झालं सरळ!"

"आणि गुण्या नसेल तिथे?"

मग स्टुलावर बसून सांगू लागले. पहिली काठी आहे तशी ठेवायची. दुसरीची पहिलीवर पडते तेवढी सावली दुसरीतून वजा करायची; उरते ती पहिलीशी काटकोनात. तिसरीतून या दोघींवरच्या सावल्या वजा. शेवटी तिघी एका मापाच्या करायच्या.

"समजलं?"

मी चौथी नापास. पण लाकडात जन्म गेला, समजलं होतं. 'हो' म्हटलं असतं तर मास्तर उठून वर गेले असते. माझ्याही घरी वाट बघणारं कुणी नाही. जन्मात कुणापुढे 'येत नाही' म्हटलं नाही मी, सख्ख्या भावापुढेसुद्धा नाही. त्यांना म्हटलं, "नाही समजलं."

"उद्या परत सांगतो," मास्तर खूश.

असे कितीतरी उद्या आले. चहा माझा, बोलणी त्यांची. "डोक्यात भुसा भरलाय काय हो?" दुसरा कुणी बोलला असता तर रंधा फेकला असता.

एका संध्याकाळी तिसरीतून पहिलीवरचीच सावली काढली आणि थांबले. हातातली तिसरी काठी अजून दुसऱ्या काठीकडे झुकलेली. "झाली सरळ," म्हणाले.

आठवेल म्हणून मी थांबलो. नाही आठवलं.

"मास्तर, दुसरीवरची राहिली."

माझ्याकडे बघतच राहिले. "तुम्हाला येतं?"

"छे! काठी तिरकी दिसली. सुताराचा डोळा."

"हां, डोळा." त्यांनी काठी खाली ठेवली. "म्हणजे समजलं नाही अजून?"

"नाही."

"मग उद्या."

पुढे मुलगी येऊन त्यांना बोरिवलीला घेऊन गेली. "बाबा गॅस बंद करायला विसरतात, काका." मी फोन केला, तर मास्तरांनी विचारलं, "कोण मिस्त्री?"

काठ्या दुकानातच आहेत. स्टुलावर कुणाला बसू देत नाही. गिऱ्हाईक विचारतं, "काका, हे काय वाकडंतिकडं करून ठेवलंय?"

"काय की," मी म्हणतो, "मला अजून समजलं नाही."