न पाहिलेल्या अंगणातली झाडं

माझ्या सासरच्या अंगणात कोणती झाडं लावायची, हे ओतूरला बसून ठरायचं. ठरवणारे माझे वडील. सासर पालघरकडे, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, आणि वडिलांनी आयुष्यात समुद्र बघितलेला नव्हता. पण झाडांतलं आपल्याला कळतं यावर त्यांचा इतका भरवसा, की दुसऱ्याचं ऐकून घ्यायचा प्रश्नच नव्हता.

नव्वदनंतर लगेचच माझं लग्न झालं. दिवाळीला माहेरी गेले की निघताना रोपं तयार. पहिल्या वर्षी डाळिंब, मग सीताफळ, मग केसर आंब्याची दोन कलमं. एसटीनं माळशेज उतरून कल्याण, पुढे आणखी दोन गाड्या, आणि मांडीवर मातीनं भरलेल्या पिशव्या.

ती रोपं आमच्याकडे जगत नव्हती. अंगण पश्चिमेचं, दिवसभर खारा वारा. पालवी समुद्राच्या बाजूनं करपायची, शेकोटीजवळ धरलेल्या कागदासारखी. सासूबाई काही बोलायच्या नाहीत. मेलेलं रोप उपटायच्या आणि चुलीजवळ नेऊन ठेवायच्या. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

वडिलांना सांगून सांगून माझं तोंड दुखलं. माती वाळूची आहे, वाऱ्यात मीठ आहे, तिथं लोक आधी समुद्राकडे उंडीसारखी आडोशाची झाडं लावतात. त्यावर ते म्हणायचे, बांधावरची झाडं सावलीनं पीक मारतात, आडोसा कसला लावता? तुम्ही शेणखत कमी घालत असाल, आळं नीट करत नसाल. म्हणजे दोष माझाच. एका वर्षी तर द्राक्षाच्या काड्या दिल्या. घाटात खिडकीतून भिरकावून द्याव्यात असं वाटलं. नाही दिल्या. नेऊन लावल्या आणि त्याही गेल्या.

एकदा येऊन बघा, एवढंच माझं म्हणणं होतं. ते येत नव्हते. आमच्यात नातवंड होईपर्यंत बाप लेकीच्या घरचं पाणी पीत नाही. सात वर्षं झाली, मला मूल नव्हतं. त्याबद्दल घरात कुणी चकार शब्द काढायचं नाही. फक्त दर दिवाळीला नवं रोप मिळायचं.

सातव्या दिवाळीला त्यांनी पेरूचं कलम पुढं केलं, तेव्हा मी हात पुढं केलाच नाही.

"आप्पा, हे तुमीच घेऊन चला. पाणी नका पिऊ. आमच्या हिरीचं तसंबी खारंच हाय."

आई भाकरी थापता थापता थांबली. वडील कलम घेऊन मागच्या दारी निघून गेले.

महिन्याभरानं ते खरंच आले. एका हातात पाच लिटरचा पाण्याचा कॅन, दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेली भाकरी. सासूबाईंनी दिलेल्या तांब्याला नुसता हात लावून नमस्कार केला आणि तडक अंगणात गेले. आंब्याचं करपलेलं पान तोडून जिभेला लावलं. शेजारच्या वाडीत जाऊन कोणतं झाड कशासाठी लावलंय ते विचारत हिंडले. अर्ध्या तासात परत.

"वाऱ्याच्या अंगाला उंडी लाव, दोन रांगा. तिच्याआड नारळ. बाकीचं मंग बघू," ते म्हणाले. "हे तू मला आधी का नाय सांगितलं?"

मी कपाळावर हात मारून घेतला.

उंडीची रोपं त्यांनीच शेजारून मागून आणली, स्वतः खड्डे घेतले, लावली. पाणी शेंदायला मी विहिरीवर गेले आणि परत येते तो त्यांनी कॅन आळ्यांत उपडा केला होता. नव्या मुळीला गोडं पाणी लागतं, म्हणाले. दुपारचे दोन वाजले होते. ऊन चांगलंच तापलं होतं आणि ओतूर अख्ख्या दिवसाच्या वाटेवर.

मी पेला भरून आणला. त्यांनी नकारार्थी मान हलवली. तो पेला तसाच घेऊन मी त्यांच्या मागं थांब्यापर्यंत गेले. थांब्यावर गाडीची वाट बघताना ओठ कोरडे पडलेले दिसत होते, तरी मला बजावत होते, रोज सकाळ-संध्याकाळ पाणी घाल. गाडी हलली तेव्हा पेला माझ्या हातात तसाच भरलेला होता. इतका राग मला आयुष्यात दुसऱ्या कुणाचा आलेला नाही.