डस्टर कुणाच्या हातात

अनुसया मॅम नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीमुळे सोलापूरहून जयपुरात आल्या आणि तिथल्या मानसरोवर भागातल्या आमच्या शाळेत गणित शिकवू लागल्या. त्यांचा एकच हट्ट होता. चुकलेलं उत्तर ज्याचं, त्यानेच का चुकलं ते सांगून पुसायचं. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

सहावीत मी फळ्यावर अर्धा अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश असं ठोकून दिलं. वर आणि खाली सरळ बेरीज केली होती. वर्ग खो खो हसला. तेवढ्यात प्राचार्य आत आले आणि त्यांनी डस्टर उचललं. "मैडम, ग़लत चीज़ मिटाइए, सिलेबस पूरा कीजिए."

मॅमनी त्यांच्या हातातून डस्टर काढून घेतलं आणि माझ्या हातात दिलं. "सर, हे उत्तर ऋचाचं आहे. तीच पुसेल."

मग मला विचारलं, "अर्धी बाटी खाल्लीस, वर आणखी थोडी खाल्लीस. दोन पंचमांश म्हणजे अर्ध्याहून जास्त की कमी?"

मी हाताच्या पाच बोटांतली दोन मोजली. "कमी! पण आणखी खाल्ल्यावर कमी कसं होईल?" मी ओरडलेच, आणि सगळं उत्तर खसाखसा पुसून टाकलं. प्राचार्य पाय आपटत निघून गेले.

आज मी जयपूरजवळच्या बस्सी गावच्या शाळेत गणित शिकवते. तपासणीला आलेले साहेब फळ्यावरची चूक बघून आठ्या घालतात, डस्टर मागतात. घालू देत आठ्या. डस्टर पोरांकडे आहे, त्यांच्याकडून घेऊन दाखवा म्हणावं.