जन्नतबीची मागची वाट

जुन्नरच्या कागदी मोहल्ल्यात घरं इतकी खेटून होती, की एकीनं फोडणी टाकली की चौघींना ठसका लागायचा. जन्नतबीच्या दोन खोल्यांत तर अकरा माणसं. पण बाईनं अडचणीची कुरकूर कधी केली नाही. त्याचं कारण मागच्या अंगणात होतं. सगळ्या अंगणांच्या भिंतींत लहान दारं ठेवलेली होती आणि पडदानशीन बायका गल्लीत पाऊल न टाकता या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरायच्या. घरात कलकल वाढली की जन्नतबी चार अंगणं ओलांडून कमरजहाँकडं पान खायला जायची. तीस वर्षं हा नेम चुकला नाही.

पुढं गिरणीचा कागद आला आणि मोहल्ल्यात घरोघरी बनणाऱ्या हातकागदाला कुणी विचारेना. थोरले मुलगे बायकापोरांसह पुण्याला गेले, मुली सासरी गेल्या. जन्नतबी आणि धाकटा सलीम एवढेच उरले. १९०७ साली शेजारचं घर परगावच्या एका व्यापाऱ्यानं घेतलं आणि आल्या आल्या अंगणातलं दार चिणून टाकलं. त्याला त्याच्या मालाची काळजी! म्हातारीच्या जिवाचा विचार त्यानं कशाला करावा?

"सलीम, लई कोंडल्यावानी व्हतं रे," ती म्हणायची.

"अम्मा, घर तर मोकळं पडलंय," सलीम म्हणायचा. शहाणाच होता तो.

दोन महिने असेच गेले. एका सकाळी त्यानं सांगितलं, "कमरखाला लई आजारी हाय. राजुरीच्या बाजारातनं आलो की नेतो तुला."

तिला दम निघेना. बुरखा घालून ती एकटीच बाहेर पडली आणि गल्लीत उभी राहिली. मैत्रिणीचं घर तिनं पुढून कधी पाहिलंच नव्हतं! अंगणं चार होती खरी, पण इकडं कुठल्या घराला एक दार, कुठल्याला दोन. तिनं अंदाजानं एक कडी वाजवली. दारात परका पुरुष आला.

"कोन पायजे?"

परक्या पुरुषाशी ती जन्मात बोलली नव्हती. ती तशीच माघारी आली आणि घरात बसून रडली.

संध्याकाळी सलीम तिला घेऊन गेला. कमरजहाँच्या दारापुढं माणसं जमली होती. आत बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. जन्नतबी त्यांच्यातून वाट काढत मैत्रिणीच्या उशाशी गेली आणि तिच्या थंड कानाशी वाकली.

"कमर, मी सकाळी आले व्हते गं," ती सांगत राहिली. "आले व्हते मी."

बायकांना वाटलं, दुःखानं म्हातारीला भ्रम झालाय.