आबांच्या गाडीचा रंग

लग्नानंतर मी बडोद्याला आले ती आबांच्या ट्रकमधून. वऱ्हाडी मंडळी रेल्वेनं पुढं गेली होती. आम्हा दोघांची तिकिटंही काढायची होती, पण आबांनी ऐकलं नाही. "माझी गाडी गूळ घेऊन गुजरातला चाललीच आहे, मग पोरीला परक्या गाडीनं कशाला धाडू?" म्हणाले, आणि विषय संपला. गाडी लांब नाकाची, गडद हिरवी. मागं हौद्यात गुळाचे रवे, त्यांच्या कडेला माझी ट्रंक, भांड्यांचं पोतं आणि शिवणयंत्र. पुढं स्टेअरिंगवर आबा, खिडकीशी मी आणि मधे नव्या सफारी सूटमध्ये अवघडून बसलेले माधव.

आई ट्रकच्या अड्ड्यापर्यंत आली होती. ती रडली नाही. ट्रंकेच्या दोरीच्या गाठी तिनं ओढून ओढून पाहिल्या आणि मागं सरकली. धाकटा विलास तेव्हा नुकताच कॉलेजात जायला लागला होता. तो माझ्या बाजूच्या फूटबोर्डवर उभा राहून जकात नाक्यापर्यंत आला. नाक्यावर उडी मारून उतरला आणि धुरळ्यात हात हलवत राहिला. आरशात तो दिसेनासा होईपर्यंत मी पाहत होते.

आबा गाडी चालवताना बोलत नसत. गुजरातची हद्द ओलांडल्यावर एका ढाब्यावर आम्ही जेवायला थांबलो. पहिल्याच घासाला डाळ गोड लागली आणि इतका वेळ धरून ठेवलेलं रडू मला तिथं फुटलं. आबांनी वाटी उचलून डाळ पिऊन टाकली आणि म्हणाले, "हे लोक डाळीत गूळ घालतात. आपणच आणतो तो. परकं समजू नकोस."

तुमच्यापैकी जे माझ्यासारखे निघून आले, त्यांना पुढचं सांगायला नको. निजामपुऱ्यातलं सासर तीन पिढ्यांचं बडोदेकर. घरात शुद्ध मराठी, दाराबाहेर पाऊल टाकलं की गुजराती. सासूबाई भाजीवाल्याशी भांडायच्या गुजरातीत आणि परत येऊन मला सांगायच्या मराठीत. मी शाळेत गणित शिकवायला लागले आणि मुलांनी मला सुमनबेन करून टाकलं. तांबड्या रश्शाची तहान हळूहळू कमी झाली. भाजीला शाक म्हणायला लागले ते कधी, ते आठवत नाही. मे महिन्यात कोल्हापूरला जायचे तेव्हा आई म्हणायची, "बोलायला लागलीस की गाणं म्हटल्यागत वाटतंय." मला वाईट वाटायचं, आणि बडोद्याला परतल्यावर शेजारीण म्हणायची, "तमारुं गुजराती हजी कोल्हापुरी छे," म्हणजे तुमचं गुजराती अजून कोल्हापुरीच आहे, तेव्हाही वाटायचं.

लग्नानंतर दोनेक वर्षांतच आबांना अर्धांगवायू झाला होता. काही वर्षांनी ते गेले, मागोमाग आईही गेली. पुढं धंदाही आटला. माझं जाणं लग्नकार्यापुरतं उरलं.

ट्रकचा नाद लागला तो निवृत्त झाल्यावर. बडोद्याच्या कडेला, छाणीला एका ओळखीच्यांकडे गेले होते. त्यांच्या मागच्या कारखान्याच्या आवारात बाभळीच्या झुडपातून एक लांब नाक बाहेर आलेलं दिसलं. लष्करातून लिलावात निघालेला जुना ट्रक होता. चाकं मातीत रुतलेली, काचा नाहीत, बॉनेट गंजून जाळी झालेलं. मी झुडपात शिरले आणि बॉनेटवर हात ठेवून उभी राहिले. लहानपणी अड्ड्यावर आबा अशाच बॉनेटखाली वाकलेले असायचे आणि मी पाने-पकडी पुढं करायचे. हा हवाय का असं कारखान्याच्या मालकानं विचारलं, "बेन, खटारो जोइए छे?" गुजरातीत कुठल्याही ट्रकला खटारोच म्हणतात. आपल्याकडे खटारा कशाला म्हणतात ते तुम्हाला ठाऊक आहे. त्या दिवशी दोन्ही भाषा एकाच वेळी खऱ्या होत्या.

घरी सांगितलं तेव्हा माधव बराच वेळ चष्मा पुसत बसले. "लोक निवृत्त झाल्यावर कुंडीत गुलाब लावतात, सुमन," एवढंच म्हणाले. पण छाणीला पत्र्याची शेड भाड्यानं घ्यायला तेच आले आणि जुनी सफारी घालून माझ्याबरोबर गंज खरवडायला बसले. इंजिनाचं काम गोरव्यातल्या हसमुखभाईंनी अंगावर घेतलं. सुटे भाग कुठं मिळत नव्हते. काही भंगार बाजारात सापडले, काही त्यांनी लेथवर नवे करून दिले. तो ट्रक पहिल्यांदा सुरू झाला तेव्हा शेडभर काळा धूर झाला. खोकत खोकत आम्ही तिघं हसत होतो. त्यानंतर एक जुना पाण्याचा टँकर आणला. रविवारी लोक मुलाबाळांना घेऊन पाहायला यायला लागले.

आणि मला आबांची गाडी हवीशी वाटायला लागली.

ती विलासच्या घरामागं उभी होती. टपावर पत्रे टाकलेले, केबिनमध्ये कोंबड्या अंडी घालायच्या. मी फोनवर मागितली की तो म्हणायचा, "राहू दे की आक्का. कुणाला खातीय का ती?" दर दिवाळीला मी विचारायचे, तो हेच म्हणायचा. मग एका वर्षी त्याचाच फोन आला. रस्ता रुंद होणार होता, मागची जागा सोडावी लागणार होती. "भंगारवाला येऊन बघून गेलाय. तुला पायजे असंल तर घेऊन जा."

गाडी ट्रेलरवरून आली आणि बरोबर विलासही आला. मी त्याला ये म्हटलं नव्हतं, कारण तो कधीच येत नसे. माझ्या लग्नानंतर एवढ्या वर्षांत तो बडोद्याला एकदाच आला होता, तेही एका रात्रीपुरता. या वेळी ट्रेलरवाल्याच्या शेजारी बसून, मांडीवर पिशवी घेऊन सगळा रस्ता आला. उतरल्या उतरल्या गाडीचे साखळदंड तपासले आणि मग माझ्याकडं बघून म्हणाला, "आणली बघ."

दुसऱ्या दिवशी आम्ही मडगार्ड घासायला घेतलं. वर निळा रंग होता, पोपडे सुटलेला. पॉलिश पेपरनं घासता घासता निळ्याखालून हिरवा डोकावायला लागला. तोच तो गडद हिरवा. मला इतका आनंद झाला की मी हात थांबवून ओरडले, "विलास, हे बघ! आपली गाडी!" हिरवा रंग मी आधीच मागवून ठेवला होता, तोही त्याला दाखवला.

विलासनं डब्याकडं पाहिलं आणि पॉलिश पेपर खाली ठेवला. "आणि निळी कुणाची होती?"

मला कळेना. म्हटलं, "अरे, मूळ रंग हिरवा. जुन्या गाड्या मूळ रंगातच करतात."

"तुझ्यासाठी मूळ," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळंच जास्त लागला. "तू हिरवी गाडी बघितलीस आणि गेलीस. आबा पडल्यावर मी कॉलेज सोडलं आणि स्टेअरिंगवर बसलो. गाडी पार खिळखिळी झाली होती. पहिला हंगाम धड गेला तेव्हा मी ती निळी करून घेतली. आबांना विचारून केली. त्यांना बोलता येत न्हवतं, रंगाच्या पट्टीवर बोट ठेवलं त्यांनी."

माधव कोपऱ्यात नट धूत होते. त्यांचे हात थांबले.

"सांजच्याला कोपऱ्यावर माझा हॉर्न वाजल्याशिवाय ते जेवायला बसायचे न्हाईत," विलास म्हणाला. "आई ताट वाढून बसायची. तू मे महिन्यात यायचीस, तेव्हा मी गाडी घेऊन भायेर असायचो. तुला काय म्हाईत? तू आठवण काढतीस गाडीची. मी ती वीस वर्षं चालवली, आणि चालंना झाली तेव्हापासून रोज खिडकीतून बघितली."

माझ्यासमोर मडगार्डवर दोन्ही रंग शेजारी शेजारी होते. हिरव्यातले आबा दंडात ताकद असलेले, घाटात एका हातानं गाडी वळवणारे. निळ्यातले आबा मी असे कधी पाहिलेच नव्हते, खाटेवर बसून हॉर्नकडं कान लावलेले. मी नसताना आमच्या घरात एवढं सगळं होत राहिलं होतं. फोनवर विचारलं की आई म्हणायची, "सगळं बरं हाय." कोल्हापुरात राहिलेल्या माझ्या माणसांनो, तुम्ही असंच म्हणता ना आम्हाला? आणि आम्ही ते खरं धरून चालतो.

दुपारी हसमुखभाई आले. दोन्ही रंग पाहून म्हणाले, "तो कयो रंग, बेन?"

"निळा," मी म्हटलं. "कुठला निळा, ते हा सांगेल."

संध्याकाळी विलास हसमुखभाईंच्या स्कूटरवर मागं बसून बाजारात गेला आणि हवी ती छटा मिळेपर्यंत दुकानामागून दुकानं फिरला.

दोन दिवसांसाठी आलेला माणूस पावसाळा सरेपर्यंत राहिला. पत्रा ठोकला, पोचे आलेल्या जागी लांबी भरली, हौद्याच्या फळ्या बदलल्या. वहिनीचा फोन आला की म्हणायचा, "झालंच, येतोय." निजामपुऱ्याच्या बाजारात तो भाजीवाल्याशी कोल्हापुरीत बोलायचा, भाजीवाला गुजरातीत, आणि व्यवहार बिनबोभाट व्हायचा. जेवताना आम्ही कधीतरी आबांबद्दल बोलायला लागलो. माझ्याकडचे आबा मी सांगायचे, त्याच्याकडचे तो. असं आम्ही पूर्वी कधी बसलोच नव्हतो.

गाडी तयार झाली त्या सकाळी विलासनं ती शेडबाहेर काढली. मी खिडकीशी, माधव मधे. छाणीच्या कच्च्या रस्त्यानं हळूहळू जाऊन आलो आणि चहाच्या टपरीपाशी थांबलो. बघायला लोक जमले. एक म्हातारे गृहस्थ बॉनेटवरून हात फिरवत माझ्याकडं वळले, "सरस गाडी छे. तमे क्यांना, बेन?"

एवढी वर्षं तुम्ही कुठल्या या प्रश्नाला माझं एकच उत्तर होतं. इथं राहून केस पांढरे झाले तरी मी कोल्हापूरच सांगत आले. या वेळी माझ्याआधी विलास बोलला. कसल्या तरी मोडक्या हिंदीत म्हणाला, "ये बडोदा की है. मैं कोल्हापूर का. बहन के घर आया हूँ."

मला लागेल असं वाटलं, पण लागलं नाही. सख्ख्या भावानं मला आपल्या गावातून मोकळं केलं होतं आणि त्याच वाक्यात माझ्या गावात पाहुणा म्हणून आलाही होता. ज्याच्याकडं आपलं माणूस हक्कानं येऊन राहतं, त्याचं घर झालेलं असतं. मी मात्र इतकी वर्षं उगाच पाहुणी असल्यासारखी वागत होते.

विलासनं चहाचा ग्लास ठेवला आणि केबिनमध्ये चढला. "चल आक्का, गाडी शेडात लावू आणि घरी जाऊ," तो म्हणाला. "भूक लागलीय."

"गल्लीतल्या कुत्र्यांसाठी भाकऱ्या घ्यायच्यात वाटेत," माधव म्हणाले.

"त्या मी सकाळीच करून ठेवल्यात," मी म्हटलं, आणि विलासनं गाडी सुरू केली.